मुरुम कमी होतात, पण चेहऱ्याची लाली का हटत नाही?

अर्धविराम:

नमस्कार. माझे वय २३ वर्षे असून मुरुमांचा त्रास मला पंधराव्या वर्षापासून आहे. सुरुवातीला कपाळावर आणि नाकाच्या बाजूला बारीक पुरळ येत असे. 'वयाचे आहे, आपोआप जाईल' हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकले की विशी ओलांडेपर्यंत माझाही त्यावर विश्वास बसला होता. गेल्या दोन वर्षांत मात्र जबड्याच्या कडेने आणि गालांवर खोल, दुखऱ्या गाठी येऊ लागल्या आहेत. एक बसते न बसते तोच शेजारी दुसरी वर येते, आणि बसलेल्या गाठीच्या जागी महिनोन्‌महिने लाल-जांभळा डाग राहतो.

सध्या मी दिवसातून तीन वेळा सॅलिसिलिक आम्लाच्या फेसवॉशने चेहरा धुतो, सकाळी ५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइडचे जेल लावतो, रात्री ॲडापलीन लावतो आणि आठवड्यातून दोनदा स्क्रब करतो. याशिवाय एका मित्राने सुचवलेले डाग घालवण्याचे एक क्रीम सात महिन्यांपासून रात्री लावत आहे. त्याने पहिल्या पंधरवड्यात चेहरा इतका स्वच्छ झाला होता की आता सुटलो असेच मला वाटले. पुढे तो गुण टिकला नाही, परंतु दोन रात्री ते लावले नाही तर गाल तापल्यासारखे लाल होतात, म्हणून बंदही करवत नाही.

आता अवस्था अशी आहे की साधे पाणी लागले तरी चुरचुरते आणि उन्हात पाच मिनिटे उभे राहिलो की गाल पेटतात. कार्यालयाच्या लिफ्टमध्ये तिन्ही बाजूंनी आरसे आहेत, त्यामुळे मी दाराकडे तोंड करून मजल्यांचे आकडे पाहत उभा राहतो. माझे प्रश्न दोन आहेत. ही लाली मुरुमांचीच आहे की रोझेशियासारखा वेगळा विकार आहे? आणि याहून तीव्र औषध घेण्याची वेळ आली आहे का?

सावली:

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते सोपे आहे: याहून तीव्र असे काहीही सध्या स्वतःच्या मनाने लावू नका. तुम्ही लिहिलेली यादी वाचताना माझेच गाल चुरचुरले.

लाली ही एकच गोष्ट नसते. फुगलेल्या मुरुमाभोवतीची लाली दाहाची असते. मुरूम बसल्यानंतर मागे राहणारा लाल डाग हा तिथल्या रुंदावलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांमुळे दिसतो, तर तपकिरी किंवा काळपट डाग साचलेल्या रंगद्रव्यामुळे. पारदर्शक काचेचा पेला डागावर हलकेच दाबून पाहा. दाबाखाली डाग फिका पडला तर तो रक्तवाहिन्यांचा आहे, तसाच राहिला तर रंगद्रव्याचा. सावळ्या त्वचेवर लाली पुष्कळदा लाल दिसतच नाही, ती जांभळट किंवा गडद दिसते आणि त्यामुळे या दोहोंची गल्लत होते. दोन्ही प्रकारचे डाग काही महिन्यांत ओसरतात, मात्र ऊन लागत राहिले तर रंगद्रव्याचा डाग रेंगाळतो. म्हणून किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन रोज लावणे हा डागांवरच्या उपचाराचाच भाग समजावा.

रोझेशियात नाक, गाल, कपाळ आणि हनुवटी हा मधला भाग वारंवार तापून लाल होतो आणि लाल पुळ्याही येतात, पण छिद्रे बुजून होणारे ब्लॅकहेड आणि बंद तोंडाची बारीक पांढरी पुरळ त्यात नसते. तुम्हाला ती पुरळ पूर्वीपासून आहे, म्हणून मूळ विकार मुरुमांचाच दिसतो. अर्थात एकाच चेहऱ्यावर दोन्ही असू शकतात, आणि तो निर्णय प्रत्यक्ष पाहणाऱ्यानेच करावा.

पाणी लागले तरी चुरचुरणे मात्र निराळी खूण आहे. त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशी आणि त्यांच्यामधील स्निग्ध पदार्थ यांचा बनलेला असतो. तो ओलावा आत धरून ठेवतो आणि त्रासदायक पदार्थ बाहेर ठेवतो. आम्ल, पेरॉक्साइड, रेटिनॉइड (अ-जीवनसत्त्वाशी नाते असलेले औषध, तुमच्या यादीत ॲडापलीन) आणि घर्षण यांचा एकाच वेळी मारा केला की तो विरतो. चेहरा हे काही घासून लख्ख करायचे भांडे नव्हे. मुरूम छिद्राच्या आत, तैलग्रंथीच्या नळीत तयार होतो. तिथपर्यंत स्क्रबचा एकही कण पोहोचत नाही, पोहोचते ती केवळ वरची ओरखड.

माझे मत असे की स्क्रब कायमचा आणि सॅलिसिलिक आम्ल तूर्त बंद करावे, चेहरा दिवसातून दोनदाच सौम्य क्लेन्झरने धुवावा आणि छिद्रे न बुजवणारे, बिनसुगंधी मॉइश्चरायझर लावावे. चुरचुर थांबेपर्यंत बाकी काहीही नको. त्यानंतर बेंझॉइल पेरॉक्साइड सुरू करायचे झाल्यास २.५ टक्क्यांचे घ्यावे. दाहक मुरुमांवर ते ५ किंवा १० टक्क्यांच्या जवळपास तितकेच काम करते आणि जळजळ कमी करते. (उशीचा अभ्रा पांढरा वापरा. रंगीत कापडाचा रंग ते हमखास उडवते.) ॲडापलीन वाटाण्याएवढे, संपूर्ण चेहऱ्यावर पातळ पसरून, पूर्ण कोरड्या त्वचेवर आणि आरंभी दोन-तीन रात्रींआड लावावे. मुरूम दिसू लागण्याच्या कित्येक आठवडे आधी छिद्रात सूक्ष्म बूच तयार झालेले असते, म्हणून आज लावलेल्या औषधाचा परिणाम बारा आठवड्यांनी जोखावा, बारा दिवसांनी नव्हे.

रातकिडा:

सावली यांचे विवेचन उत्तम आहे, परंतु प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य त्यात सुटले आहे, असे मला वाटते. 'दोन रात्री लावले नाही तर गाल तापल्यासारखे लाल होतात' हे ते वाक्य. पंधरा दिवसांत चमत्कार, मग उतार, आणि थांबवले की भडका. हा क्रम मी स्वतः दोन वर्षे भोगलेला आहे.

त्या ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचा. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी एकही नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे. स्टेरॉइड दाह दाबते आणि रक्तवाहिन्या आकुंचित करते, त्यामुळे सुरुवातीला चेहरा नितळ व उजळ दिसतो. महिनोन्‌महिने लावत राहिल्यास त्वचा पातळ होते, गालांवर तांबड्या धाग्यांसारख्या वाहिन्या दिसू लागतात, केस वाढतात आणि गंमत म्हणजे त्यानेच नवीन मुरूम येतात. बंद केल्यावर आकुंचलेल्या वाहिन्या एकदम पसरतात, चेहरा लालबुंद होतो आणि माणूस घाबरून पुन्हा तीच ट्यूब पिळतो. मलाही ती ओळखीच्याच माणसाने, अगदी चांगल्या मनाने दिली होती. वाईट एवढेच वाटते की दोन वर्षांत एकाही विक्रेत्याने मला 'हे कशासाठी लावता?' असे विचारले नाही.

अर्धविराम:

आपल्या दोघांचे आभार. ट्यूब शेवटाकडून गुंडाळत आणलेली होती आणि घटकांची नावे नेमकी त्या वळकटीत गेली होती. ती उलगडून, फोनच्या कॅमेऱ्याने मोठी करून वाचली. हायड्रोक्विनोन २ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के, मोमेटासोन ०.१ टक्के. खाली लाल चौकटीत 'केवळ डॉक्टरांच्या सल्ल्याने' असेही छापलेले आहे. सात महिन्यांत मी ते एकदाही वाचले नव्हते.

काचेचा पेला दाबून पाहिला. जबड्यावरचे डाग दाबाखाली जवळजवळ नाहीसे होतात. गालांची लाली मात्र डागांसारखी नाही, ती सरसकट पसरलेली आहे आणि जवळून पाहिल्यास तिच्यात बारीक तांबड्या रेषा दिसतात. हे क्रीम आजपासूनच बंद करू का?

सावली:

रातकिडा यांचे म्हणणे मान्य करते. मी ते वाक्य वाचून पुढे गेले आणि माझा अर्धा सल्ला त्यामुळे बदलतो.

तीन औषधांचे असे मिश्रण १९७५ मध्ये क्लिगमन आणि विलिस या त्वचारोगतज्ज्ञांनी रंगद्रव्याच्या डागांसाठी मांडले होते. त्यांच्या मिश्रणात डेक्सामेथासोन होते, तुमच्या ट्यूबमध्ये त्या जागी मोमेटासोन आहे. वांगावर, देखरेखीखाली, मोजके आठवडे वापरण्यासाठी त्याचा उपयोग निश्चित आहे. मुरुमांवर ते मुळीच अभिप्रेत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या: ट्रेटिनॉइन आणि ॲडापलीन ही दोन्ही रेटिनॉइडच आहेत, म्हणजे सात महिने तुम्ही एकाच रात्री एकावर एक दोन रेटिनॉइड लावत होतात. चेहरा पाण्यानेही चुरचुरतो यात नवल नाही.

'आजपासून बंद' याचे उत्तर मी येथून देणार नाही. इतक्या महिन्यांनंतर कोणी एकदम थांबवायला सांगतात, कोणी सौम्य स्टेरॉइडवर आणून हळूहळू उतरवतात, तर कोणी त्या काळात टॅक्रोलिमससारखे स्टेरॉइड नसलेले मलम देतात. त्वचा पाहिल्याशिवाय यातले योग्य कोणते ते ठरत नाही. शक्य तितक्या लवकर त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घ्या आणि लावता ती प्रत्येक ट्यूब पिशवीत घालून सोबत न्या. नावे तोंडी सांगताना नेमके हेच एक नाव विसरले जाते.

जुना सभासद:

मी वयाने तुम्हा सर्वांपेक्षा बराच मोठा आहे आणि माझ्या गालांवर खड्डे आहेत, म्हणून एकच मुद्दा ठासून मांडतो. वरील चर्चा लालीभोवती फिरत आहे, पण प्रश्नकर्त्याने 'खोल, दुखऱ्या गाठी' असेही लिहिले आहे. लाली जाते. गाठींनी पाडलेले खड्डे जात नाहीत, आणि पुढे लेसर, सुया वगैरे सारे करूनही ते केवळ उथळ होतात. त्वचेला विश्रांती द्यायची म्हणून गाठींकडे सहा महिने दुर्लक्ष करणे परवडणारे नाही. दोन्हींचा विचार एकाच भेटीत व्हायला हवा.

अशा मुरुमांना बहुधा पोटातून औषध लागते. डॉक्सिसायक्लिनसारखे प्रतिजैविक साधारणतः तीन-चार महिन्यांपुरते देतात. ते भरपूर पाण्याबरोबर घ्यावे आणि घेतल्यावर लगेच आडवे होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेत जखम होते. त्याने ऊनही अधिक बाधते. त्याने भागले नाही किंवा व्रण पडू लागले तर आयसोट्रेटिनॉइन. हे औषध १९८२ पासून वापरात आहे आणि तैलग्रंथीच आक्रसून टाकते. मी ते सात महिने घेतले. पहिल्या महिन्यात मुरूम वाढले, ओठ इतके फाटले की हसताना रक्त येई, आणि रक्तातील चरबी व यकृताची तपासणी अधूनमधून करावी लागली. आठव्या महिन्यात, तेरा वर्षांत प्रथमच, चेहऱ्यावर एकही गाठ नव्हती. खड्डे तेवढे आधीचे राहिले. डॉक्सिसायक्लिन आणि हे औषध एकत्र घेत नाहीत, कारण त्याने मेंदूभोवतीचा दाब वाढू शकतो. त्वचेवर आधीच स्टेरॉइडचा परिणाम असताना ते केव्हा सुरू करायचे, हाही तज्ज्ञांनीच ठरवायचा भाग आहे.

व्यायामासाठी व्हे प्रथिनाची भुकटी किंवा ब-१२ च्या मोठ्या मात्रा घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. काहींचे मुरूम त्यांनी भडकतात. आणि लिफ्टमधल्या आरशाबद्दल जे लिहिले आहे तेसुद्धा सांगा. मी ते कधीच सांगितले नाही, कारण पुरुषाने चेहऱ्यावरून खंतावणे मला कमीपणाचे वाटे. मनावर होणारा परिणाम पाहूनही उपचार ठरतात. शिवाय आयसोट्रेटिनॉइन देण्यापूर्वी मनःस्थितीची चौकशी करतातच.

अर्धविराम:

सात आठवड्यांनी लिहीत आहे. डॉक्टरांनी ते क्रीम बंद केले, गालांसाठी टॅक्रोलिमस दिले आणि गाठींसाठी डॉक्सिसायक्लिन सुरू केले. ॲडापलीन, पेरॉक्साइड, आम्ल, सगळे तूर्त कपाटात आहे. दुसरा आठवडा भयंकर गेला. गाल सुजले, रात्री दोनदा उठून ओले फडके ठेवावे लागले, आणि एका पहाटे मी टाकून दिलेली ट्यूब कचऱ्यात शोधत होतो हे प्रांजळपणे सांगतो. पाचव्या आठवड्यापासून पाणी लागणे थांबले. लाली निम्म्याने तरी कमी आहे. रेषा आहेत तशाच आहेत, त्यांना वेळ लागेल आणि कदाचित पुढे लेसर लागेल, असे सांगितले आहे. या महिन्यात नव्या गाठी दोनच आल्या.

एक व्यावहारिक शंका उरली आहे. दाढी करताना गाठींवरून पाते गेले की पुन्हा सगळे लाल होते. दाढी वाढू दिली तर खाज येते. आपण काय करत होतात?

रातकिडा:

मी वर्षभर वस्तरा बंद ठेवून विजेच्या ट्रिमरने मिलिमीटरभर खुंट राखत होतो. गाठीला पाते लागतच नाही आणि केस त्वचेत वळून रुतण्याचा त्रासही टळतो. वस्तऱ्यानेच करायची झाली तर आंघोळीनंतर केस मऊ असताना, एकपाती रेझरने, केसांच्या दिशेने आणि त्वचा न ताणता करावी. एका जागेवरून दुसऱ्यांदा फिरवू नये. अल्कोहोलचे आफ्टरशेव्ह मात्र त्या जुन्या ट्यूबच्या पाठोपाठ कचऱ्यात जाऊ द्या, आणि या वेळी कचरा त्याच रात्री बाहेर ठेवा.