३० फुटी ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं फिरतं घर) ओढायला फोर्डची एफ-१५० पिकअप पुरेल का?

डेन्व्हरला राहतो. ट्रेलर रिकामा ५,६०० पौंड, जीव्हीडब्ल्यूआर (सामानासकट कमाल वजन) ७,०००. आम्ही चौघं. डीलर म्हणतो, ही ११,००० पौंड ओढते, डोळे झाकून घ्या. घ्यावी का?

उत्तर १
ओढायच्या आकड्यावर जाऊ नका, आधी संपतो तो पेलोड, म्हणजे गाडी स्वतःवर पेलू शकते ते वजन. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळा-पांढरा स्टिकर असतो, तो वाचा. ब्रोशरमधला आकडा नको. सनरूफ वगैरे चैन वाढली की पेलोड घटतो. हिशेब रिकाम्या वजनावर नाही, ७,००० वर करा. हिचवर (ट्रेलर गाडीला जोडतो तिथे) १३ टक्के म्हणजे ९१०, माणसं ६००, वेट डिस्ट्रिब्युशन हिच (जोडावरचं वजन सगळ्या चाकांवर वाटणारा सांगाडा) १००. झाले १,६१०. कूलर, सायकली, कुत्रा अजून बाहेरच आहेत.

प्रश्नकर्ता
स्टिकरवर १,४८० आहे.

उत्तर २
मग ही गाडी नकोच. सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला सरकवून हिचवरचं वजन उतरवू नका. ते १० टक्क्यांखाली गेलं की ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. जास्त पेलोडवाली एफ-१५० शोधा, नाहीतर सरळ एफ-२५०, फोर्डचीच त्याहून दणकट पिकअप.

उत्तर ३
एफ-२५० घ्याल तर डिझेलचं इंजिन जड असतं, तेवढा पेलोड जातो. मात्र आय-७० महामार्गावर आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांवर आहे. तिथे विनाटर्बो पेट्रोल इंजिन धापा टाकतं. उतरताना टो/हॉल मोड (ओझं ओढताना गिअर त्यानुसार बदलणारी सोय), खालचा गिअर, ब्रेक थांबून थांबून. सतत दाबून ठेवलात तर तापून निकामी होतील. ट्रेलर ब्रेक कंट्रोलर (ट्रेलरचे ब्रेक गाडीतून लावणारं यंत्र) कंपनीचाच बसवलेला बघा. घेतल्यावर भरल्या ट्रेलरसकट ट्रक स्टॉपच्या कॅट काट्यावर (ट्रकच्या वजनकाट्यावर) वजन करा.