दोन फाशांची बेरीज : शक्यता ११ नव्हे, ३६

एकांनी लिहिलंय की दोन फाशांची बेरीज २ ते १२ येते, म्हणजे ११ शक्यता, म्हणून ७ येण्याची संभाव्यता १/११. गल्लत इथेच होते. बेरजा ११ असल्या तरी त्या समान शक्यतेच्या नाहीत.

सोलापुरात माझ्याकडे दहावीची मुलं शिकायला येतात, तीही हेच उत्तर देतात. म्हणून मी गड्ड्याच्या जत्रेतून एक लाल आणि एक पांढरा फासा आणून ठेवलाय. रंग वेगळे दिसले की लाल ३-पांढरा ४ आणि लाल ४-पांढरा ३ ही दोन वेगळी दानं आहेत, हे सांगावं लागत नाही. एकूण दानं ६ × ६ = ३६. त्यात ७ सहा प्रकारे येतात, म्हणजे ६/३६ = १/६. १२ मात्र एकाच दानाने, १/३६. ‘मग ६-६ दोनदा का नाही मोजायचं?’ हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि मला तो फार आवडतो. अदलाबदल केली तरी दान तेच राहतं, म्हणून.

‘निदान एक सहा’ची संभाव्यता १/६ + १/६ = १२/३६ धरणाऱ्यांचीही चूक इथलीच : ६-६ दोनदा मोजलं जातं. खरं उत्तर ११/३६. उलट्या बाजूने पडताळा : एकही सहा नाही अशी दानं ५ × ५ = २५, उरली ११.

एकच फासा चारदा टाकला तर? एकदाही सहा न येण्याची संभाव्यता ५/६ × ५/६ × ५/६ × ५/६ = ६२५/१२९६, म्हणून निदान एकदा येण्याची ६७१/१२९६, जवळपास ५२ टक्के. चार वेळा १/६ मिळवून २/३ म्हणू नका.