मदत हवी आहे: भावाचे उपचार नीट चाललेत, पण तो फार एकटा पडलाय (गोवा)

नमस्कार मंडळी,

माझा धाकटा भाऊ ओपिऑइडच्या (अफूच्या जातीच्या औषधांच्या आणि नशेच्या पदार्थांच्या) व्यसनावर उपचार घेतोय. गोळी वेळेवर घेतो, लघवीच्या तपासण्या स्वच्छ येतात, डॉक्टर समाधानी आहेत. तरी इथे लिहितेय, कारण दिवसेंदिवस तो एकटा पडत चाललाय आणि त्याचं काय करायचं ते आम्हाला सुचत नाही. गोव्यातल्या, विशेषतः फोंडा-डिचोलीकडच्या लोकांना विचारायचंय: यातून बाहेर येणारा माणूस संध्याकाळ कुठे आणि कुणाबरोबर घालवतो?

थोडं मागचं सांगते. किनाऱ्याकडच्या एका हॉटेलात तो किचनमध्ये होता. स्कूटरच्या अपघातात खांदा मोडला आणि दुखण्यासाठी ट्रामाडॉल सुरू झालं. खांदा बरा झाला, गोळी सुटली नाही. २०१८ मध्ये ट्रामाडॉल एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं, दुकानदार चिठ्ठीशिवाय देईनात, तेव्हा कामावरच्या ओळखीतून ब्राऊन शुगर (भेसळीचं हेरॉइन) हाती आली. पुढची वर्षं कशी गेली ते सांगत बसत नाही, ज्यांच्या घरात हे झालंय त्यांना ठाऊक आहे.

आता या व्यसनावर उपचार म्हणून ब्युप्रेनॉर्फिन-नॅलॉक्सोनची जिभेखालची गोळी चालू आहे. सकाळी सोप्यावर बसून घेतो. ती विरघळेपर्यंत बोलायचं नसतं, गिळायचं नसतं. आई समोर तांदूळ निवडत बसते. गोळी विरघळते, बोलायला मोकळीक होते, आणि तो तसाच गप्प उठून खोलीत जातो. हाच मुलगा पूर्वी जेवताना अख्ख्या वाड्याच्या नकला करून आम्हाला घास गिळू द्यायचा नाही.

जुना नंबर त्याने स्वतःहून बंद केला, कारण त्यातले बहुतेक जण घेणारे किंवा देणारे होते. नव्या फोनमध्ये घरचे, डॉक्टर आणि गॅसवाला. गावातल्या भजनाला पूर्वी तबल्यावर हा असायचा, आता दुसरा मुलगा बसतो. चवथीला पोरं घुमटं घेऊन आरत्यांना आमच्या दारी येतात, ह्याला पुढच्या घरी चल म्हणत नाहीत. कुणी वाईटसाईट बोललं असंही नाही, त्यामुळे भांडायचं तरी कुणाशी? एक काका मात्र तोंडावर म्हणाले, "एक नशा सोडून दुसरी धरली." त्या रात्री त्याने मला विचारलं, "ताई, गोळी बंद करू का? मग तरी माणसांत घेतील?" तेव्हापासून माझी झोप उडालीय.

गोळी चालू असलेल्यांना सामावून घेणारा गट गोव्यात कुणाला माहीत आहे का? मराठी किंवा कोंकणीत बोलणारा असला तर फार बरं. आणि आम्ही घरच्यांनी नेमकं काय करावं?

---

बार्देसकर:

ताई, मी स्वतः यातून गेलोय, म्हणून आधी भावाच्या प्रश्नाचं उत्तर देतो. गोळी बंद करायची नाही. लोकांसाठी तर नाहीच. मी मनाने बंद केली होती आणि परत घसरलो. वापर थांबल्यावर शरीराची सवय उतरलेली असते, अशा वेळी जुन्या मापाने घेतलं तर माणूस श्वास थांबून जातो. माझ्या बरोबरचा एक मुलगा असाच गेला.

नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमस म्हणजे नशा सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायचा गट, त्यांच्या सभा गोव्यात होतात. गोळीबद्दल प्रत्येक गटाचा सूर वेगळा असतो, हे आधीच सांगून ठेवतो. काही ठिकाणी "गोळी चालू म्हणजे तू अजून क्लीन नाहीस" असं ऐकावं लागतं. पण त्यांच्याच तिसऱ्या परंपरेप्रमाणे सभासद व्हायला एकच अट आहे, नशा सोडायची इच्छा. एका गटात मन लागलं नाही तर दुसरा बघा. मला ज्या सभेत मित्र मिळाले तिथे अर्धं बोलणं कोंकणीत, अर्धं हिंदीत चालतं. सभेपेक्षाही नंतरच्या चहाने मला तारलं. तिथे कुणी माझ्याकडे चोरून बघत नव्हतं.

आणि बारसं, लग्न, जत्रा, कुठेही "फेणीचा एक घोट घे रे, त्याने काय होतंय" म्हणणारे भेटतील. त्यांना हात जोडा. या गोळीबरोबर दारू किंवा झोपेच्या गोळ्या म्हणजे श्वासाशी खेळ.

---

रातपाळी:

मी मानसोपचार विभागात नर्स म्हणून काम केलंय. काकांना शांतपणे एवढंच सांगा: ब्युप्रेनॉर्फिन मेंदूत ब्राऊन शुगर जिथे बसते त्याच जागेवर बसतं, पण अर्धवट काम करतं. ठरावीक मर्यादेपुढे डोस वाढवला तरी परिणाम वाढत नाही. त्यामुळे तलफ आणि अंगदुखी आवरते आणि माणूस दिवसभर कामाचा राहतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ सालीच ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलंय. मधुमेहाच्या पेशंटला कुणी "इन्सुलिनचं व्यसन लागलं" म्हणत नाही.

आता एकटेपणाचं. हा स्वभावाचा दोष नाही, दुखण्याचाच भाग आहे. आपल्या शरीरातही अफूच्या जातीची रसायनं तयार होतात आणि जवळच्या माणसांच्या सहवासाशी त्यांचा संबंध आहे. याक पांकसेप या शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात दाखवलं होतं की आईपासून दूर केलेली पिल्लं मॉर्फिनच्या अगदी थोड्या मात्रेनेही रडायची थांबतात. मला यातून एक गोष्ट फार पटते. वर्षानुवर्षं जी ऊब पुडीतून मिळत होती ती काढून घेतल्यावर माणसांतून मिळायला वेळ लागतो, आणि नेमक्या त्याच वेळी माणसं दूर गेलेली असतात. पहिले काही महिने कशातच गोडी वाटत नाही. पेशंट म्हणतो "मला कुणी नको," घरचे म्हणतात "राहू दे त्याला निवांत." तसा निवांत सोडू नका.

पण एकदा डॉक्टरांना स्पष्ट सांगाच: बोलत नाही, झोप कशी आहे, जेवतो किती. नैराश्य वेगळं असू शकतं आणि त्यावर वेगळे उपचार आहेत. फॉलोअपला दोन मिनिटांत "गोळी घेतो ना? ठीक" म्हणून चिठ्ठी मिळते, तेव्हा तुम्ही स्वतः आत जाऊन बोला. "जगून काय करू" असं काही बोलला तर मात्र वाट बघू नका, सरळ बांबोळीच्या सरकारी इस्पितळात न्या. रात्री-अपरात्री टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे, मराठीतही बोलता येतं. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाईन १४४४६.

सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेली पाहणी २०१९ मध्ये आली. तिच्यानुसार देशात सुमारे सव्वादोन कोटी लोक ओपिऑइड घेतात आणि त्यांतल्या साधारण ७७ लाखांना मदतीची गरज आहे. हे भावाला जरूर सांगा. आपल्यासारखा अख्ख्या तालुक्यात दुसरा नाही, असं प्रत्येकाला वाटतं.

---

पेटीवाला:

ताई, वैद्यकीय मला कळत नाही, भजनातलं कळतं. तबल्यावरून एकदा उठलेला माणूस आपणहून परत येऊन बसत नाही, त्याला लाज वाटते. आणि मंडळींना वाटतं, बोलावलं आणि काही झालं तर? दोन्हीकडून गप्प. मध्ये कुणीतरी पडायला हवं. तुमच्या बुवांना तुम्ही किंवा आईने जाऊन भेटा. मोठ्या भजनाला नको, तालमीला बसू दे. नव्या मुलाची जागा काढून घेऊ नका, उलट ह्याने त्याला ठेका दाखवावा. आणि पहिल्या दिवशी घरातलं कुणीतरी बरोबर असू दे.

गावात नाहीच जमलं तर आमच्याकडे या, आम्ही मार्दोळच्या बाजूला आहोत. साथीला माणूस नेहमीच कमी असतो. आमच्याकडे कुणी मागचं विचारणार नाही, ती जबाबदारी माझी. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. बार्देसकर, तुमचा प्रतिसाद त्याला फोनवर वाचायला दिला. त्याने दोनदा वाचला आणि विचारलं, "हा माणूस भेटेल?" तुम्हाला व्यनि केलाय, जमलं तर सभेचा वार कळवा, पहिल्यांदा मी सोडायला येईन. रातपाळी, पुढच्या फॉलोअपला आत मी जाणार, काय काय सांगायचं ते लिहून ठेवलंय.

पेटीवाला, तबला घरात आहे, पण पुडी (वरचं कातडं) पार सैल झालीय, शाईही उडालीय. फोंड्यात पुडी बदलून देणारं कुणी आहे का? की म्हापशाला जावं लागेल?

अजून एक विचारते. त्याला किचनचंच काम येतं आणि तेच आवडतं, पण किनाऱ्याकडची रात्रपाळी आणि रोख टिप आता नको. फोंड्याच्या आसपास दिवसपाळीची खानावळ किंवा कँटीन कुणाच्या ओळखीत असेल तर सांगा. मालकाला उपचारांचं आधी सांगावं की नाही, हेही अनुभवी लोकांनी लिहावं.