घरून विद्यापीठाच्या नेटवर्कवर: व्हीपीएन लावतानाचे तुमचे अनुभव लिहा

निळाई (धागाकर्ती)
जूनपासून प्रबंधाचं काम कोल्हापुरातल्या घरून करायचं ठरलंय. विभागाचा सर्व्हर आणि ग्रंथालयाची जर्नल्स, दोन्ही घरून लागणार. ज्यांनी विद्यापीठाचा व्हीपीएन (घरचा लॅपटॉप इंटरनेटवरून विद्यापीठाच्या नेटवर्कला सुरक्षितपणे जोडणारी सोय) लावलाय त्यांनी काय अडलं आणि कसं सुटलं ते सविस्तर लिहा, कुठल्याही देशातलं चालेल. पैसे भरून घ्यायचे जाहिरातीतले व्हीपीएन मात्र इथे नकोत.

रानवारा
माझ्याकडे व्हीपीएन जोडला गेला, विभागाचा सर्व्हरही उघडला, पण जर्नलच्या साइटवर 'लेख विकत घ्या' हेच दिसत राहिलं. प्रकाशक तुमचं नाव बघत नाही, तुम्ही कुठल्या आयपी पत्त्यावरून (इंटरनेटवर कनेक्शनला मिळालेल्या क्रमांकावरून) आलात ते बघतो. आमचा व्हीपीएन 'स्प्लिट टनल' प्रकारचा होता. कॅम्पसमधल्या पत्त्यांकडे जाणारं तेवढंच बोगद्यातून, म्हणजे व्हीपीएनमधून, जायचं, बाकी सगळं घरच्या कनेक्शनवरून थेट. त्यामुळे प्रकाशकाला माझा घरचाच पत्ता दिसत होता. क्लायंटच्या (व्हीपीएन जोडायच्या ॲपच्या) यादीत 'फुल टनल' नावाचं दुसरं प्रोफाइल होतं. ते निवडल्याबरोबर लेख उघडले.
व्हीपीएन लावायच्या आधी आणि नंतर 'माझा आयपी काय' असं गूगल करा. पत्ता तोच राहिला तर जर्नल्स उघडायची नाहीत. सर्व्हरच्या कामाला मात्र स्प्लिटच बरा, घरातल्यांचे व्हिडिओ कॉल तुमच्याच लॅपटॉपवरून चालत असतील तर विशेषच.

तारांगण
म्युनिकहून. इथल्या विद्यापीठांचं नेटवर्क लायब्नित्स संगणक केंद्र सांभाळतं आणि आम्ही एज्युव्हीपीएन, म्हणजे शिक्षणसंस्थांसाठी बनवलेला व्हीपीएन, वापरतो. ॲपमध्ये संस्था शोधायची, ब्राउझरमध्ये नेहमीचं लॉगिन करायचं, झालं. मूळ नेदरलँड्सच्या सर्फ या संस्थेचं काम आहे, आतून ओपनव्हीपीएन आणि वायरगार्ड ही व्हीपीएनची तंत्रं. इतकं सरळ काम सगळीकडे असायला हवं असं मला मनापासून वाटतं.
सुट्टीत भारतात येणाऱ्यांसाठी एक: लॉगिनचा दुसरा कोड एसएमएसवर येत असेल तर निघण्याआधीच तो ऑथेंटिकेटर ॲपवर घ्या. आणि एज्युरोम म्हणजे व्हीपीएन नव्हे, ते फक्त शिक्षणसंस्थांमधलं वायफाय. घरी त्याचा उपयोग नाही.

चकवा
उबुंटू (लिनक्स) वाल्यांनो, विद्यापीठ सिस्कोचा क्लायंट सांगत असेल तरी आधी ओपनकनेक्ट हा मोफत क्लायंट वापरून बघा. नेटवर्क मॅनेजरमध्ये त्याचं प्लगइन मिळतं.
माझी खरी अडचण वेगळीच होती. गावी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर पिंग (सर्व्हर उत्तर देतो का ते बघायचा छोटा संदेश) व्यवस्थित जायचं, पण एसएसएच (दूरच्या सर्व्हरवर काम करायचं) लॉगिन अर्ध्यावर गोठायचं. छोटी पॅकेट्स (माहितीचे तुकडे) जात होती, मोठी वाटेत गळत होती. व्हीपीएन प्रत्येक पॅकेटवर आपलं आवरण चढवतो, त्यामुळे आधीच काठोकाठ भरलेलं पॅकेट पुढे मावत नाही. व्हीपीएनच्या इंटरफेसचा एमटीयू (एका पॅकेटच्या आकाराची कमाल मर्यादा) १३०० वर आणला आणि त्याच क्षणी सगळं सुरळीत झालं. 'जोडलंय पण काही उघडत नाही' असं झालं की पासवर्ड बदलत बसू नका, एमटीयू बघा.

ग्रंथपाल काकू
निळाई, फक्त लेख वाचायचे असतील तर व्हीपीएन लागेलच असं नाही. तुझी संस्था गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या ग्रंथालय-जाळ्याच्या केंद्राच्या इन्फेडमध्ये (संस्थेच्या लॉगिनने प्रकाशकांच्या साइट उघडायच्या व्यवस्थेत) आहे का ते आधी ग्रंथालयात विचार. असेल तर प्रकाशकाच्या साइटवर संस्थेमार्फत लॉगिनचा पर्याय निवडायचा, तिथे आयपीचा प्रश्नच येत नाही. १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही केंद्र सरकारची योजना सुरू झाल्यावर सरकारी विद्यापीठं आणि महाविद्यालयांतल्या मुलांना पुष्कळ जर्नल्स खुली झाली आहेत, त्याचा फायदा घ्या.
आणि कळकळीने सांगते, व्हीपीएनवरून स्क्रिप्ट लावून शेकड्याने लेख उतरवू नका. प्रकाशक अशा वेळी विद्यापीठाचा आयपी पत्ताच बंद करतात आणि सगळ्यांचं वाचन थांबतं.

उंबरठा
विद्यापीठाच्या नेटवर्क विभागात काम करतो. घरचा राउटर आणि विभागाचा सर्व्हर, दोघांचेही पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होत असतील तर लॅपटॉप सर्व्हरला घरातच शोधत राहतो. घरच्या राउटरची रेंज बदलून १९२.१६८.५७ सारखी काहीतरी करा.
तक्रार पाठवताना एवढं लिहा: वेळ, पडद्यावरचा त्रुटी संदेश जसाच्या तसा, आणि मोबाइल डेटावर चालतं का. फक्त 'व्हीपीएन चालत नाही' असं लिहून आलं की लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदींत) तुम्हाला शोधायचं कसं, हेच आम्हाला कळत नाही.