शहरांवरची बॉम्बफेक : ‘निरपराध’, ‘नागरी’ की ‘बिगरलष्करी’?

सांगली (विचारणा) : दुसऱ्या महायुद्धात हॅम्बुर्ग आणि ड्रेस्डेन या जर्मन शहरांवर ब्रिटिश आणि अमेरिकी विमानांनी बॉम्ब टाकले, त्यावर वाचन मंडळात चर्चा ठेवली आहे, टिपण मराठीत हवं. बॉम्बवर्षाव, बॉम्बहल्ला, बॉम्बफेक यांत फरक करावा का? मेलेल्यांना ‘निरपराध नागरिक’ म्हणावं का? आणि ‘आनुषंगिक हानी’ हा वर्तमानपत्री शब्द इथे चालेल का?

वाई : फरक जरूर करा. ‘बॉम्बवर्षाव’ म्हटलं की मारा किती झाला ते कळतं, पण करणारा दिसत नाही. ‘बॉम्बस्फोट’ तर इथे चूकच, तो पेरलेल्या बॉम्बचा. ‘बॉम्बफेक’ लिहिलंत की कुणी, कशावर, कुणाच्या हुकमानं हे विचारावंच लागतं, आणि सगळा वाद तिथेच आहे.

‘निरपराध’ टाळा. पाळण्यातलं मूल निरपराध हे कुणीही मान्य करेल, पण दारूगोळ्याच्या कारखान्यातला कामगार? तो शब्द आला की चर्चा अपराधाकडे वळते आणि समोरचा ‘हिटलरला डोक्यावर कुणी घेतलं?’ म्हणून मोकळा होतो. युद्धाच्या कायद्यात प्रश्न अपराधाचा नाहीच. माणूस लढतोय की नाही, एवढाच आहे. भीष्मपर्वात युद्धाआधी ठरलेले नियम बघा : सारथी, शंख-भेरी वाजवणारे, इतकंच काय, शस्त्रं पुरवणारे यांच्यावरही प्रहार करायचा नाही. ते निष्पाप आहेत म्हणून नव्हे, लढत नाहीत म्हणून.

‘नागरिक’ही फसवा, कारण सैनिकही देशाचा नागरिकच, शिवाय ‘नागरी’ म्हणजे शहरी असाही अर्थ होतो. ‘मुलकी’ जुना आणि चांगला, पण मुलकी पाटलामुळे आपल्या भागात त्याला महसुलाचा वास येतो. ‘बिगरलष्करी’ कोरडा असला तरी तोच नेमका.

कराड : ‘आनुषंगिक हानी’ हॅम्बुर्गला अजिबात चालणार नाही. नेम लष्करी ठिकाणावर होता आणि शेजारची घरं गेली, तर ती आनुषंगिक. १४ फेब्रुवारी १९४२च्या ब्रिटिश आदेशात रोखच शत्रूच्या बिगरलष्करी लोकांच्या, विशेषतः कामगारांच्या, मनोधैर्यावर होता. दुसऱ्याच दिवशी हवाई दलप्रमुख पोर्टल यांनी स्पष्ट केलं : नेम दाट वस्तीवर धरायचा, गोद्या किंवा विमान कारखान्यांवर नव्हे.

असं का झालं तेही टिपणात घ्या. ब्रिटिश बॉम्बफेक किती अचूक होते हे तपासणाऱ्या ऑगस्ट १९४१च्या बट अहवालात निघालं की लक्ष्यावर हल्ला केल्याचं सांगणाऱ्या विमानांपैकी जेमतेम एक तृतीयांश लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोचली होती. म्हणजे सांगलीच्या गणपती मंदिरावर नेम धरला आणि बॉम्ब मिरजेच्या वेशीजवळ पडला, तरी तो ‘जवळ’ धरला गेला असता. रात्री कारखाना सापडत नाही, शहर सापडतं. म्हणून शहरच लक्ष्य ठरवलं.

बॉम्बची जुळणीही घरांसाठीच होती. आधी चार हजार पौंडांचे स्फोटक बॉम्ब टाकून कौलं आणि खिडक्या उडवायच्या, मग चार पौंडांच्या आगलाव्या कांड्या हजारोंनी टाकायच्या. त्या माळ्यावर अडकून लाकूड पेटवतात. २७-२८ जुलै १९४३च्या रात्री हॅम्बुर्गमध्ये सुटे वणवे एक झाले, तापलेली हवा वर गेली आणि चहूबाजूंनी वारा आत खेचला गेला. तळघरांत लपलेले बरेच जण कार्बन मोनॉक्साइडनं गुदमरून मेले. याला ‘अग्निवादळ’ म्हणा. ‘अग्नितांडव’ आपण गोदाम जळालं तरी लिहितो.

मिरज : या बॉम्बफेकीची बाजू मांडणाऱ्यांचा मुद्दाही योग्य शब्दात द्या. १९४०-४१ मध्ये फ्रान्स पडलेला, जर्मनीच्या भूमीवर घाव घालायला ब्रिटनकडे बॉम्बर सोडून दुसरं साधन नव्हतं. त्यासाठी आपल्याकडे ‘आपद्धर्म’ हा तयार शब्द आहे, आणि त्याची मर्यादा त्यातच आहे : आपत्ती टळली की तो धर्म राहत नाही. हॅम्बुर्ग जळालं ते स्टालिनग्राडला जर्मन सैन्य हरल्यानंतर. ड्रेस्डेन तर जर्मनी शरण येण्याच्या बारा आठवडे आधी. बिशप जॉर्ज बेल यांनी ९ फेब्रुवारी १९४४ रोजी, युद्ध ऐन भरात असताना, ब्रिटिश संसदेच्या लॉर्ड्स सभागृहात या धोरणाला जाहीर विरोध केला होता. तेव्हा ‘त्या काळी कुणाला खटकलंच नाही’ असं लिहू नका.

वाई : कायद्याची भाषा हवी असेल तर ‘सरसकट बॉम्बफेक’ वापरा. जिनिव्हा करारांच्या १९७७च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलच्या (पुरवणी कराराच्या) ५१व्या कलमात, शहरातली वेगवेगळी लष्करी ठिकाणं एकच लक्ष्य धरून बॉम्ब टाकायला मनाई आहे. भारत त्या प्रोटोकॉलमध्ये सामील नाही, तेव्हा ‘सर्व देशांना बंधनकारक करार’ असं लिहिणं चूक ठरेल.

सातारा : ‘बेचिराख’ जपून. त्यात राख नाही. फारसी ‘बे-चिराग’, म्हणजे दिवा न लागणारं, ओस पडलेलं गाव. ड्रेस्डेनचा मध्यभाग जळाला, पण शहर ओस पडलं नाही. आणि तिथल्या मृतांचा आकडा लाखांत देऊ नका. तो नाझी प्रचारातून आला. इतिहासकारांच्या आयोगानं २०१० मध्ये जास्तीत जास्त २५ हजार ठरवला. ‘ड्रेस्डेन बेचिराख झाले’ याऐवजी ‘ब्रिटिश आणि अमेरिकी विमानांनी ड्रेस्डेनवर बॉम्बफेक केली’ असं कर्त्यासकट लिहा.