"टेल्मिसार्टन बंद करा" या मेसेजवर सोसायटी ग्रुपवरची चर्चा

ए-१०४, अण्णा: परभणीहून बहिणीनं पाठवलंय. "टेल्मिसार्टन सरकारी तपासणीत फेल, आजच बंद करा." मी बीपीसाठी हीच गोळी घेतो. आज घेतली नाही. काय करावं?

बी-२०२: आमच्या सासूबाईंनाही आलाय. सकाळपासून गोळीला हात लावायला तयार नाहीत.

सी-३०१, मेडिकलवाले: अण्णा, आणि वहिनी, सासूबाईंनाही सांगा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. मध्येच सोडली की बीपी पुन्हा चढतं. आजची राहिली असेल तर आता घ्या, उद्या दोन एकदम घेऊ नका.

सीडीएससीओ, म्हणजे औषधांवर लक्ष ठेवणारी केंद्र सरकारची संस्था, दर महिन्याला दर्जात न बसलेल्या औषधांची यादी काढते. २०२४ च्या ऑगस्टच्या यादीत टेल्मिसार्टन, शुगरची ग्लिमेपिराइड, पॅरासिटामॉल ही नावं होती. पण फेल झाल्या त्या ठराविक कंपनीच्या ठराविक बॅच. मेसेजमध्ये बॅच नंबर आहे का? नाही. मग त्यावरून तुमची गोळी खराब कशी ठरेल?

ए-१०४, अण्णा: पट्टीवर नंबर दिसंना. कापलेली आहे.

सी-३०१: म्हणूनच सांगतो, सुट्ट्या गोळ्या घेताना बॅच नंबर आणि एक्स्पायरीचा तुकडा मागून घ्या. आणि बिल ठेवा.

मला खरी काळजी वेगळीच आहे. बीपीच्या गोळीला सगळे घाबरायलेत, आणि गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक मात्र विचारल्याशिवाय रोज चालू. टेल्मिसार्टन, लघवी वाढवणारी पाण्याची गोळी आणि वर ही दुखण्याची गोळी, तिन्ही एकत्र आल्या की म्हाताऱ्या माणसाची किडनी अचानक बिघडू शकते. लातूरच्या उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी झालेलं असतं, तेव्हा तर जास्तच. याचा मेसेज कुणी फॉरवर्ड करत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

बी-२०२: अगं बाई! सासूबाई तिन्ही घेतात. शिवाय रात्री सर्दीची गोळी.

सी-३०१: वहिनी, दुखण्याची गोळी आज देऊ नका, डॉक्टरांना आजच फोन करा. लघवी कमी झाली असेल तर थांबू नका, सरळ दाखवा. सर्दीच्या गोळीत क्लोरफेनिरामिन असेल तर या वयात गुंगी येते, तोल जातो, लघवी अडकते. तेही विचारा.

डी-१०१: गोळीनं खरंच त्रास झाला तर सांगायचं कुठं?

सी-३०१: आधी डॉक्टरांना. शिवाय सरकारची टोल फ्री लाइन आहे, १८००-१८०-३०२४.

ए-१०४, अण्णा: घेतली बाबा गोळी. बहिणीलाही फोन केला, तिनं पण सोडली होती. दुकान कितीपर्यंत उघडं आहे?

सी-३०१: दहापर्यंत. घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा, आयुर्वेदिकसुद्धा.