मायदेशी परतले? कोणाच्या?
साम्राज्य मोडलं की लोक आपापल्या मायदेशी परततात, असं म्हटलं जातं, ते मला अजिबात पटत नाही. पहिल्या महायुद्धानंतर मोडलेल्या तुर्कांच्या ऑटोमन साम्राज्याचंच बघा. जानेवारी १९२३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानला ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येच्या सक्तीच्या अदलाबदलीचा करार झाला आणि निकष धरला तो फक्त धर्माचा. घरात कोणती भाषा बोलता, हे कुणी विचारलंच नाही. त्यामुळे अनातोलियातले, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियातल्या भागातले, करामानली ख्रिश्चन, जे तुर्कीच बोलत आणि तीही ग्रीक लिपीत लिहीत, ते ग्रीसमध्ये जाऊन पडले. उलट ग्रीसच्या क्रीट बेटावरचे ग्रीक बोलणारे मुसलमान तुर्कस्तानात आयवालिकच्या बाजूला वसवले गेले. या 'मायदेशात' कित्येकांना शेजाऱ्याशी धड बोलताही येईना. अथेन्समध्ये तर जागाच पुरेना, तिथल्या नगर नाट्यगृहाच्या एकेका बॉक्समध्ये एकेक कुटुंब संसार मांडून होतं.

एकूण सुमारे १२ लाख ख्रिश्चन आणि ४ लाखांच्या आसपास मुसलमान यात उखडले गेले. त्यातले बहुतेक ख्रिश्चन करार व्हायच्या आधीच, ग्रीस-तुर्कस्तान युद्धाच्या १९२२ च्या धुमश्चक्रीत, जीव मुठीत धरून पळाले होते. करारानं त्यांचा परतीचा रस्ताच कायमचा बंद केला, आणि मला सगळ्यात क्रूर वाटतं ते हेच.